विश्लेषण : दहावी होईपर्यंत मुलांना संगीतातले काय यायला हवे?

डिसेंबर आला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत बहुतेक शाळांत स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. समूहगीतासाठी मुले उभी राहतात. पेटीवर सूर दिला जातो. दोन ओळी होतात आणि मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलाला हळूच सांगितले जाते, ‘तू फक्त ओठ हलव.’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यातले अनेक जण चाळिशीतही ‘मला गाण्यातले काही कळत नाही’ असेच सांगतात. माध्यमिक शाळेतल्या संगीत शिक्षणाचा प्रश्न या मुलापासून सुरू होतो. ज्यांना गाता येते, ती मुले क्लास लावतात आणि स्पर्धांना जातात. बाकीच्यांसाठी संगीत शिकण्याची जागा एकच असते, ती म्हणजे शाळा. तिथे त्यांना नेमके काय मिळावे?

सध्या शाळेत काय मिळते?

राज्य मंडळाच्या शाळांत नववी-दहावीसाठी ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हा श्रेणीचा विषय आहे. म्हणजे कलेचा आस्वाद घ्यायला शिकवावे, हे पाठ्यक्रमाने मान्य केले आहे. मात्र, श्रेणीच्या विषयाचा तास वेळापत्रकात असला, तरी दुसऱ्या सत्रात तो गणित किंवा विज्ञानाकडे जातो, हा अनेक पालकांचा आणि विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. सीबीएसईने २०१९ मध्ये प्रत्येक वर्गासाठी आठवड्याला किमान दोन तासिका कला शिक्षणाला राखून ठेवण्यास सांगितले. या मंडळात नववी-दहावीला हिंदुस्थानी गायन, स्वरवाद्य किंवा तालवाद्य हा विषय म्हणून घेण्याची सोयही आहे. शाळेने तो विषय उपलब्ध करून दिला तरच ती सोय मुलांपर्यंत पोहोचते.

शिक्षण हक्क कायदा, २००९च्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शाळेत १०० पेक्षा अधिक मुले असतील, तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे म्हटले आहे. हा कायदा आठवीपर्यंतच लागू होतो. त्यामुळे नववीत गेलेल्या मुलाला कलेचा शिक्षक मिळावा, अशी हमी या कायद्यातून मिळत नाही.

नवे धोरण काय म्हणते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२०ने अभ्यासाचे विषय आणि ‘अभ्यासेतर’ विषय ही भिंत काढून टाकण्याची भूमिका घेतली. त्यावर आधारलेल्या २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कला शिक्षणाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचे स्थान आहे. त्यात दृश्यकला, नाट्य, संगीत आणि नृत्य यांचा समावेश होतो. एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी कलेचे ‘कृती’ नावाचे पाठ्यपुस्तक काढले. राज्याचा स्वतःचा अभ्यासक्रम आराखडाही २०२४ मध्ये आला. कागदावर कला मुख्य प्रवाहात आली आहे. आता प्रश्न उरतो तो तासाला बसलेल्या चाळीस-पन्नास मुलांनी काय करायचे याचा.

अतिरिक्त गुणांमुळे संगीत वाढले का?

शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला आणि चित्रकला यांत ठरावीक प्रावीण्य असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत अतिरिक्त गुण दिले जातात. त्याने कलेला प्रतिष्ठा मिळाली, हे खरे. ‘दहावी आहे, आता तबला बंद’ असे म्हणणारे पालक ‘मार्क मिळतात, सुरू ठेव’ असे म्हणू लागले.

पण यातून एक गैरसमजही पसरला. परीक्षा म्हणजेच संगीत शिक्षण, असे अनेकांना वाटू लागले. या परीक्षांचा इतिहास मोठा आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आणले. घराण्यांच्या चौकटीतले गाणे सामान्य घरातल्या मुलामुलींना शिकता यावे, हा त्यामागचा हेतू होता. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही त्याची परीक्षांची वाट आजही उपनगरांतल्या असंख्य क्लासेसना बांधून ठेवते.

ही वाट गायक-वादक होऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. शाळेतल्या सगळ्यांसाठी ती आखलेली नाही. शिवाय क्लासची फी, घरी तबला किंवा पेटी ठेवायला जागा आणि सरावाला शांतता, हे तीनही ज्यांच्याकडे आहे त्यांनाच ते गुण मिळवणे सोपे जाते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असतील, तर रियाज कुठे करणार? म्हणून शाळेतल्या तासाचे उद्दिष्ट वेगळे असायला हवे.

तेरा-चौदाव्या वर्षी आवाजाचे काय होते?

माध्यमिक वर्गांना शिकवताना ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे आणि तीच सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. वयात येताना स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. मुलांचा आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरांतरांइतकाच. या काळात मुलाचा आवाज मध्येच फाटतो, सूर हातातून निसटतो. हा आजार नाही आणि बेसूरपणाही नाही. काही महिन्यांत आवाज आपली नवी जागा धरतो.

आता वर्गात काय होते ते पाहा. पेटीवर षड्ज धरला जातो काळी चार किंवा काळी पाचला, कारण मुलींना तो सोयीचा असतो. आवाज फुटलेल्या मुलाला त्याच्या वरच्या सप्तकात गाताना ताण पडतो आणि खालच्या सप्तकात सूर पोहोचत नाही. तो चुकतो. मग त्याला ओठ हलवायला सांगितले जाते. प्रत्यक्षात चूक पट्टीची असते. त्याच मुलाला काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास षड्ज दिला आणि पाच-सहा स्वरांच्या टप्प्यातले गाणे दिले, तर तो बहुधा सुरात येतो.

म्हणून पहिला धडा हाच हवा : आपला षड्ज कोणता? दहावी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला, मुलीला स्वतःची पट्टी माहीत असावी. आवाज का फुटतो, ओरडून तो का बिघडतो, तो कसा जपायचा, हेही याच तासात सांगायला हवे.

हातात वेळ किती असतो?

हिशेब सोपा आहे. आठवड्याला ३५ मिनिटांची एक तासिका आणि वर्षाला ३० आठवडे धरले, तर १,०५० मिनिटे होतात, म्हणजे साडेसतरा तास. दहावीचे वर्ष बाजूला ठेवले तर आठवी आणि नववी मिळून ३५ तास. एवढ्या वेळात कोणी गायक होत नाही. रागांची नावे, थाटांची यादी आणि संगीतकारांच्या जन्मतारखा पाठ करून घेतल्या तर ३५ तास संपतात आणि हाती काही राहत नाही. पण नीट निवड केली, तर याच वेळात चांगला श्रोता आणि चार जणांत न लाजता गाणारा माणूस तयार होऊ शकतो.

मग किमान काय शिकवावे?

पहिले, सूर. तानपुऱ्याचा नाद सुरू करून सगळ्यांनी मिळून षड्ज लावायचा, मग पंचम, मग सात स्वर. सप्तकात एकूण बारा स्वर असतात. त्यात सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र. शुद्ध आणि कोमल गंधारातला फरक कानाला कळला, तर अर्धे काम झाले. तानपुरा नसला तरी मोबाइलवरचे तानपुऱ्याचे अॅप पुरते.

दुसरे, लय आणि ताल. यासाठी वाद्य लागत नाही, हात पुरेसे आहेत. सहा मात्रांचा दादरा, आठ मात्रांचा केरवा, सात मात्रांचा रूपक आणि सोळा मात्रांचा त्रिताल टाळी-खालीसह हाताने धरता यावा. गाणे ऐकताना सम कुठे आली हे बोटावर दाखवता यावे. ज्याला गायचे नाही, त्यालाही इथे पूर्ण वाटा मिळतो.

तिसरे, ऐकणे. दर तासाला तीन-चार मिनिटे काहीतरी लक्ष देऊन ऐकायचे आणि मग बोलायचे. कोणती वाद्ये होती, लय कुठे वाढली, पुन्हा आलेला भाग कोणता? ‘आवडले’ किंवा ‘बोअर झाले’ याच्या पुढे जाऊन कारण सांगता येणे, हा आस्वादाचा पाया आहे.

चौथे, लिहिणे-वाचणे. वाळकेश्वरला जन्मलेले आणि पेशाने वकील असलेले पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी रूढ केलेल्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली आणि तार सप्तकासाठी वर टिंब, इतक्या साध्या खुणा आहेत. चार ओळींची चाल वाचता आली तरी पुरे. ज्या शाळांत वृंदगान आणि पियानोची परंपरा आहे, तिथे पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवावे. लिपी कोणतीही चालेल.

पाचवे, स्वतः काहीतरी करणे. चार ओळींना चाल लावणे, आठ मात्रांचा तुकडा बसवणे, कवितेला ताल देणे. पाठ्यपुस्तकातली कविता गटाने चाल लावून म्हणायला दिली, तर मराठीचा आणि संगीताचा तास एकत्र होतो.

रोजच्या प्रार्थनेतून राग शिकवता येईल?

येईल, आणि त्यासाठी वेगळा खर्च नाही. ‘हमको मन की शक्ति देना’ ही प्रार्थना मुंबईतल्या कितीतरी शाळांत रोज होते. ती १९७१च्या ‘गुड्डी’ चित्रपटातली. संगीत वसंत देसाई यांचे. तिची चाल केदार रागावर आधारलेली आहे. म्हणजे ज्या मुलांना ‘शास्त्रीय संगीत आपल्यासाठी नाही’ असे वाटते, ती मुले वर्षानुवर्षे केदार गात असतात. त्यातला षड्जावरून थेट मध्यमावर जाणारा स्वर, दोन्ही मध्यमांचा वापर, एवढे दाखवून दिले आणि मग एखाद्या मोठ्या गायकाचा पाच मिनिटांचा केदार ऐकवला, तर ओळख आपोआप पटते. परंपरेत केदार रात्रीचा राग मानला जातो आणि शाळेत तो सकाळी सात वाजता गायला जातो, हे सांगितले की मुले हसतात आणि रागांच्या वेळांवर प्रश्न विचारू लागतात. हा तास चांगला झाला असे समजावे.

राज्यगीताचेही तसेच. १९ फेब्रुवारी २०२३पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे अधिकृत राज्यगीत झाले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज. कवी, संगीतकार आणि गायक यांची कामे वेगवेगळी असतात, हे समजावायला याहून जवळचे उदाहरण कोणते?

विज्ञानाच्या शिक्षकांनाही यात वाव आहे. तार सप्तकातल्या षड्जाची कंप्रता मध्य षड्जाच्या दुप्पट असते आणि पंचमाची दीडपट. नववीच्या ध्वनीच्या धड्याबरोबर हे पेटीवर ऐकवले, तर गुणोत्तर कानाने कळते.

उपनगरातले संगीत वर्गात का यावे?

कारण इथली मुले रिकाम्या कानांनी शाळेत येत नाहीत. वेसाव्याच्या कोळीवाड्यात कोळीगीते आहेत. गोराईत ईस्ट इंडियन समाजाची लग्नातली गाणी आहेत. आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वारली पाड्यांचे वाद्य तारपा, भोपळ्यापासून बनवलेले. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत नवरात्रात गरबा, भाद्रपदात ढोल-ताशा आणि लेझीम, एप्रिलमध्ये भीमगीते. महापालिकेच्या शाळा तर आठ माध्यमांत चालतात. त्या प्रत्येक भाषेची अंगाई वेगळी आहे.

घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे अनेक वर्षे राहिले. शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड त्यांचीच. चिरागनगरपासून चालत जाण्याच्या अंतरावर शाळेत जाणाऱ्या मुलाला पोवाडा म्हणजे काय, छक्कड म्हणजे काय, लावणीशी तिचे नाते काय, हे कळायलाच हवे. गाणे करमणुकीबरोबर लोकांना एकत्रही आणते, हे त्याला आपल्या गल्लीच्या इतिहासातून समजेल.

याचा आणखी एक फायदा आहे. पथकात ताशा वाजवणारा मुलगा वर्गात बहुधा मागच्या बाकावर असतो. संगीताच्या तासाला तो शिक्षकाच्या जागी उभा राहून इतरांना ठेका शिकवू शकतो. ज्याला बाकी कुठल्याच विषयात ‘शाबास’ मिळत नाही, त्याला ती इथे मिळते.

मोबाइल, कान आणि कायदा यांचा संबंध काय?

आजचे मूल संगीत ऐकते ते बहुतांशी इअरफोनवर, लोकलच्या आणि रिक्षाच्या गोंगाटात आवाज वाढवून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलला प्रौढांसाठीही आठवड्याला चारच तास उरतात. ढोल-ताशा पथकात किंवा डीजेच्या भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या मुलांनी कानात बोळे घालावेत, हे संगीत शिक्षकाने सांगायला हवे. कानातल्या सूक्ष्म पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

दुसरा मुद्दा हक्कांचा. गाणे लिहिणाऱ्याचा आणि त्याला संगीत देणाऱ्याचा हक्क भारतात त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. शाळेत विद्यार्थी आणि शिक्षकांनी, पालकांसमोर गाणे सादर करायला कॉपीराइट कायदा, १९५७ सवलत देतो. तेच गाणे ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. रील बनवणाऱ्या आणि एआयकडून गाणी तयार करून घेणाऱ्या पिढीला हा फरक माहीत असायला हवा. अंधेरी-ओशिवऱ्याच्या स्टुडिओंत गाणी बनवणाऱ्यांचे पोट याच हक्कांवर चालते आणि यातली काही मुले उद्या तिथे ध्वनिमुद्रण, वाद्यवादन किंवा ध्वनिसंकलन करणार आहेत.

शिक्षक कुठून आणायचे?

हा खरा अडसर आहे. प्रत्येक शाळेला पूर्णवेळ संगीत शिक्षक मिळणे हे उद्दिष्ट सोडता कामा नये. तोवर थांबून राहण्याचीही गरज नाही. जवळच्या दोन-तीन शाळा मिळून एक निदेशक नेमू शकतात. मराठीचा किंवा विज्ञानाचा शिक्षक सुटीत थोडे प्रशिक्षण घेऊन ऐकण्याचे आणि तालाचे तास घेऊ शकतो. परिसरातले भजनी मंडळ, शाहीर, चर्चचे गायकवृंद यांना वर्षातून चार वेळा बोलावता येते. मानधन मात्र द्यावे. कलावंताने फुकट यावे, हा धडा मुलांनी शिकू नये.

मूल्यमापनही वेगळे हवे. सगळ्यांत चांगले कोण गाते, हे पाहण्याऐवजी जूनमध्ये जे येत नव्हते, ते मार्चमध्ये येते का, हे पाहावे. स्वतःचा षड्ज सांगता येतो का? चार ताल हाताने धरता येतात का? ऐकलेल्या गाण्यावर पाच वाक्ये बोलता येतात का? गटात शेवटपर्यंत गाता येते का? या चार प्रश्नांची उत्तरे श्रेणीसाठी पुरेशी आहेत.

पालकांनी काय करावे?

पुढच्या पालक सभेत तीन प्रश्न विचारता येतील. संगीताचा तास वेळापत्रकात आहे का? तो दुसऱ्या सत्रातही होतो का? आणि त्या तासाला वर्गातली सगळी मुले गातात, की निवडक मुलांची स्पर्धेची तयारी होते? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. घरी एकच पथ्य पाळले तरी खूप झाले : आवाज फुटलेल्या मुलाच्या गाण्याला हसू नये.

स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात एखादा आवाज थोडा इकडेतिकडे गेला, तर कार्यक्रमाचे काही बिघडत नाही. मागच्या रांगेतल्या त्या मुलाला मात्र ‘तू जरा खालच्या पट्टीत म्हणून बघ’ असे सांगणारे कोणीतरी शाळेत असायला हवे.